वनमालाबाईंनी अंगणात काय पुरलं होतं

वनमालाबाईंनी भाचीची दोन पोरं खाल्ली, असं बोरिवलीच्या डोंगराकडच्या आमच्या वाडीत कुजबुजत असत. कुजबुजत म्हणजे काय, विहिरीवर एक बाई कुजबुजली की गोठ्यातल्या म्हशीलासुद्धा कळायचं.

वनमालाबाई वाडीची सुईण. वाडीतल्या बऱ्याच जणांसारख्या मालवणकडच्या, विधवा, जिभेला धार. निम्मी वाडी त्यांच्या हातांवर जन्मलेली, आणि ते त्या कुणाला विसरू देत नसत. "गप रे, तुका मी उलटो भायर काढलंय," एवढं म्हटलं की चांगले मिशीवाले गडी मान खाली घालत.

सत्तावन्न साली गावखेड्यांना घरबसल्या शिकवायचं म्हणून सरकारी खात्यानं वाडीला बॅटरीवरचा रेडिओ दिला. वाडीत ना वीज, ना शाळा. न गळणारी पडवी एकट्या वनमालाबाईंची, तेव्हा तो तिथं बसला. बसवायला मालाडहून नंदकिशोर नावाचा मेकॅनिक आला. बायका भाजी घेऊन बाजारात गेलेल्या असताना त्यानं रेडिओच्या अर्थिंगसाठी अंगणात खड्डा खणला, तांब्याचा पत्रा पुरला, भोवती कोळसा आणि मीठ घातलं, आणि पत्र्याची तार रेडिओला जोडली.

"मावशी, इथं रोज तांब्याभर पाणी घाला. जमीन सुकली की नुसती खरखर."

"मेल्या, तुळशीक पाणी गावणा नाय, आणि तुझ्या पत्र्याक घालू?"

पण घालत.

दुपारी बायकांसाठी पाठ लागे. तापाचा, जुलाबाचा, बाळंतपणाचा. बाया तांदूळ निवडत ऐकत आणि रेडिओवरच्या बाईच्या शुद्ध बोलण्याच्या नकला करत. एकदा ती बाई म्हणाली, नवजात मूल आखडून जातं ते नजरेनं नव्हे. नाळ कापायचं हत्यार उकळलेलं नसलं तर धनुर्वात होतो.

"आता कोयतीची आमटी करा गो!" कुणीतरी म्हणालं. सगळ्या हसल्या. वनमालाबाई हसल्या नाहीत. कुडाला खोचलेल्या, नाळ कापायच्या आपल्या कोयतीकडे बघत राहिल्या. भाची शेवंती, तिचं पहिलं मूल बारशाआधीच आखडून गेलं होतं.

शेवंती तेव्हा पुन्हा पोटुशी होती. बाईंनी नवं पातं आणलं, उकळायला वेगळं पातेलं काढलं, आणि रोज दुपारी शेवंतीला हाताला धरून पाठ ऐकायला आणू लागल्या. शेवंतीच्या सासूला ते खपेना.

"बोडक्या जमिनीक पाणी कित्याक गो घालतस?" तिनं एकदा विचारलं.

सरळ सांगतील तर त्या वनमालाबाई कसल्या! "रेडिओक तहान लागता," म्हणाल्या.

झालं. विहिरीवर त्या दिवशी पाणी कमी आणि शंका जास्त भरल्या गेल्या. शेवटी शेवंतीच्या नवऱ्यानं, जयवंतानं, एका सकाळी येऊन तिथं फावडं घातलं. निघालं काय? तांबं, कोळसा, मीठ. करणीला आणखी काय लागतं? लिंबू तेवढं नव्हतं, ते बायकांनी सांगताना आपल्या पदरचं घातलं. पहिलं पोरही हिनंच खाल्लं, हे मग आठवून आठवून ठरलं.

"अरे जयवंता, रेडिओचा आसा ता! त्या मेकॅनिकाक विचार!"

"मावशे, परत माझ्या दारात पाऊल टाकू नको."

पत्रा त्यानं ओढ्यात फेकला. रेडिओ खरखरत राहिला, आणि पडवीत कुणी फिरकेना. नंदकिशोर बॅटरी बदलायला आला तेव्हा वनमालाबाई एकट्याच त्या खरखरीसमोर बसल्या होत्या. बिचारा घरोघर समजावत फिरला. शेवंतीच्या सासूनं त्यालाच विचारलं, "तू तिचो कोण लागतस रे?" ऐकायला माणूस नाही म्हणून खात्यानं रेडिओ परत नेला.

शेवंतीला कळा सुरू झाल्या तेव्हा पलीकडच्या पाड्यातून दुसरी सुईण आणली. वनमालाबाई वाफाळतं पातेलं घेऊन कुंपणाशी उभ्या राहिल्या.

"मी आत येनय नाय. ह्या पाता तेवढा घेवा. उकळलेला आसा."

सासूनं पातेलं पायानं उलटवलं. आतून शेवंती "मावशे, मावशे" म्हणून हाका मारत होती.

मुलगा झाला. गोरा, चांगला रडला. बारशाचा पाळणा मागून आणायच्या आतच त्याचा जबडा मिटला, दूध ओढेना, अंग धनुष्यासारखं वाकलं. वनमालाबाईंनी त्यानंतर कुणाचं बाळंतपण केलं नाही. कुणी बोलावलंही नाही.

खरं काय ते एवढंच. अंगणात पुरलेला पत्रा रेडिओचा होता. शेवंतीचं दुसरं मूल न उकळलेल्या कोयतीनं गेलं. पहिलंही तसंच गेलं, आणि तेव्हा कोयती वनमालाबाईंच्या हातात होती.