कोंबडीचा उल्लेख नाही

तलासरीत आमचं केंद्र सुरू झालं तेव्हा आमची मालमत्ता म्हणजे दोन खोल्या, एक लोखंडी कपाट, एक टाइपरायटर आणि उतू जाणारा उत्साह. लोकांना त्यांचे हक्क शिकवायचे आणि डोंगरपट्टीत होणाऱ्या अन्यायाच्या नोंदी ठेवायच्या, असं ठरलं होतं. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. मी डहाणूच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेली, बोर्डीच्या शाळेत मराठी शिकवणारी. जबान्या लिहायला मी हवीच, असं सगळ्यांना वाटलं. सगळ्यांत जास्त मलाच वाटलं.

माझं अक्षर सुरेख होतं आणि त्याचा मला माज होता. शिबिराला गावोगावहून आलेल्यांना मी बजावायची, फापटपसारा काढा, मुद्द्याचं लिहा. घटना, ठिकाण, वेळ, साक्षीदार असा चार रकान्यांचा नमुना मीच आखला होता.

एके दिवशी गंजाडजवळच्या पाड्यावरून एक बाई आली. वीटभट्टीवर मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या माणसांनी तिच्या नवऱ्याचा पाय मोडला होता. मुकादम म्हणत होता, ताडी काढताना पडला. बाई जमिनीवर बसली आणि कोंबडीचं सांगू लागली. मुकादमाने तिच्या घरातली नेमकी अंड्यांवर बसलेली कोंबडी उचलली. नवरा म्हणाला, ही नको, दुसरी घे. तेवढ्यावरून हाणामारी झाली. कोंबडीचा रंग कसा, टोपली कुठल्या कोपऱ्यात, कुठलं अंडं फुटलं, अर्धा तास कोंबडीच चालली होती. मी घड्याळ बघत होते. मला बोर्डीची बस गाठायची होती.

पक्क्या प्रतीत मी लिहिलं, ‘क्षुल्लक कारणावरून अमानुष मारहाण.’ चार शेजाऱ्यांनीही आपापल्या परीने कोंबडीचंच सांगितलं होतं. चौघांच्याही जबानीतून मी ती गाळली. त्यांचं बोलणं उतरवलेले कच्चे कागद रद्दीत दिले. घोलवडला चिकूच्या खोक्यांत तळाशी गेले असतील. कपाट कसं स्वच्छ दिसत होतं!

तक्रारीच्या चौकशीला आलेल्या सरकारी साहेबांनी पाचही जबान्या वाचल्या आणि माझ्याकडे पाहिलं.

“हे पाच जण बोलले, की एकच जण पाच वेळा बोलला?”

मग त्यांनी बाईला बोलावलं. तिने कोंबडीपासून सुरुवात केली. साहेब पानं उलटत राहिले.

“कोंबडी कुठे आहे यात?”

शेजारी आले, त्यांनीही कोंबडी सांगितली. मुकादमाचा वकील हसत उठला. म्हणाला, साहेब, ही कोंबडी आत्ता बाहेर पढवलेली दिसते, कागदात तर नाही. साहेबांनी कच्चे कागद मागितले. माझ्याकडे ते नव्हते. तक्रार फेटाळली गेली, आणि साहेबांचं काही चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही.

बाहेर आल्यावर बाईने विचारलं, “बाय, कोंबडीचा तुला सांगला होता ना?”

रागाने नाही. तिला खरंच वाटत होतं, माझ्याकडून राहून गेलं. मी म्हटलं, हो, विसरले. खोटं बोलले. विसरले नव्हते, तिची कोंबडी मला माझ्या कागदावर शोभली नव्हती.

पुढच्या शिबिरांत मी शिकवू लागले, माणूस जिथून सुरुवात करतो तिथूनच लिहा, कच्चा कागद जपा. लोक मान डोलवायचे, आभार मानताना याचा आवर्जून उल्लेख व्हायचा. हे मी कुठे शिकले ते कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

दोनेक वर्षांनी डहाणूच्या बाजारात ती दिसली. पुढ्यात टोपली, टोपलीत कोंबड्या. मागे भिंतीला टेकून नवरा, हातात काठी. मला ओळखून ती हसली. एक कोंबडी पायांना धरून उचलत म्हणाली, “घे ना बाय. अंड्यावरची नाय ही.”

मी नको म्हणून मान हलवली आणि स्टेशनकडे चालू लागले. माफी मागायची तर ती समोरच बसली होती, आणि मला घाई झाली होती.