गाड्यांना गावं वाटून देणारा दौलतसिंग

मेडशीजवळच्या तांड्यावर दौलतसिंगाचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या माल वाहण्यावरच जगलेलं. आजा बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर हिंडायचा. आगगाडी आली नि तो धंदा बसला, तेव्हा बापानं बैलगाडी जोडली आणि पातूरच्या घाटातून अकोल्याच्या सरकी काढणाऱ्या जिनापर्यंत कापूस न्यायला सुरुवात केली. बापाच्या माघारी ते काम दौलतसिंगाकडे आलं. तांड्यावरच्या साऱ्या गाड्या त्याच्या शब्दावर निघायच्या.

त्रेपन्न सालच्या हंगामात अकोल्याच्या रस्त्यावर कापसाचा पहिला ट्रक दिसला. बैलांना दोन मुक्काम लागायचे ती वाट तो दुपारच्या आत तुडवायचा. दिवाळी सरेपर्यंत निम्म्या गाड्या दाराशी उभ्या राहिल्या.

गाडीवान देवळाच्या ओट्यावर जमले. कोणी म्हणालं भाडं उतरवू, कोणी म्हणालं घाटात रस्ता अडवू. दौलतसिंगाचा साडू किसनसिंग तर तापलाच होता. घाटात त्याच्यासारखी गाडी हाकणारा पंचक्रोशीत दुसरा नव्हता.

"तू गप काहून बसला?" किसनसिंगानं दौलतसिंगाला विचारलं.

"पाहून राह्यलो," दौलतसिंग म्हणाला. "मले आठ-दहा रोज द्या."

तेवढे दिवस तो सडकेच्या कडेला चहाच्या टपरीवर बसून राहिला. ट्रक येताना पाहायचा, भरताना पाहायचा, ड्रायव्हरशी गप्पा मारायचा. त्याच्या बायकोला, गोमतीबाईला, ते लक्षण बरं वाटेना.

"लोकं हासून राह्यले तुमाले," ती एका सकाळी भाकर थापता थापता म्हणाली. "रिकाम्या मान्सासारखे टपरीवर बसता."

"हासू दे. तो ट्रक सडक सोडून एक पाऊल आत जात नाई, गोमती. काळ्या मातीत चाक रुतते त्याचं. अन् सारा माल एका जागी भेटला नाई त डायवर अर्धा दिवस खोळंबते."

"मंग?"

"मंग आपन कायले त्याच्याशी पळापळ करावं? पळू दे त्याले सडकेवर. आतली गावं आपली."

दुसऱ्या दिवशी तो वाशीमला पदमचंद शेठच्या पेढीवर गेला. शेठ कापसाचा मोठा खरेदीदार. ट्रकही त्याच्याच मालासाठी लागायचे. दौलतसिंगानं त्याला सांगितलं, की आतल्या गावांचा कापूस मेडशीच्या सडकेला कुंपणाच्या एका मोकळ्या वाड्यात आणून ठेवायचं काम तांडा करील, ट्रकानं तिथून भरून न्यावा. येताना ट्रकानं मीठ, घासलेट, कापड आणावं. ते आतल्या दुकानदारांना गाड्या पोचवतील. शेठनं विचारलं,

"आणि अकोल्याची वाट? ती सोडणार?"

"सोडली," दौलतसिंग म्हणाला. शब्द तोंडातून गेला तेव्हा त्याला बापाची आठवण आली. पण त्यानं तो मागे घेतला नाही, आणि शेठनं सौदा मान्य केला.

ओट्यावर त्यानं गावं वाटून दिली. एका गाडीला दोन गावं, वार ठरलेला. शेतकऱ्याला ठाऊक असावं की आज आपली गाडी येणार. बहुतेकांनी माना डोलावल्या. किसनसिंग उठून उभा राहिला.

"घाट चढनाऱ्या बैलाले तू गल्लीबोळात फिरवशीन? मले नाई जमत." तो निघून गेला, आणि एकटाच अकोल्याला गाडी नेत राहिला. त्या दिवसापासून साडूंचं बोलणं तुटलं; त्यांच्या बायकांचं, दोघी बहिणींचं, येणं-जाणं मात्र सुरू राहिलं.

पहिला हंगाम चांगला गेला. दुसऱ्या हंगामात दौलतसिंगाला हुरूप चढला. नदीपलीकडच्या गावांचे लोक बोलवायला आले, त्यानं कोणालाच नाही म्हटलं नाही. वार तेच, गाड्या त्याच, गावं मात्र दीडपट. बैल थकू लागले. पौषात नदीकाठच्या चिखलात गाडीवान रतनसिंगाचा एक बैल बसला तो उठलाच नाही. तिकडे धावपळ चालली असताना जवळच्या गावांतला कापूस वाट पाहत पडला, आणि त्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या गाड्या जुंपून तो परस्पर विकला. वाड्यात ट्रक येऊन रिकामा उभा राहिला. पदमचंद शेठनं निरोप धाडला: असं पुन्हा झालं तर दुसरी सोय पाहतो.

रतनसिंगाच्या दारात दौलतसिंग सकाळभर बसला. रतनसिंग रागावला असता तर बरं वाटलं असतं. तो नुसता दावं हातात घेऊन बसला होता. दौलतसिंगानं आपल्या जोडीतला एक बैल त्याच्या दारात आणून बांधला. मग तिथून उठला तो थेट किसनसिंगाच्या घरी गेला.

किसनसिंग बैलांना खरारा करत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"बैलाचं मले समजते असं वाटत होतं," दौलतसिंग म्हणाला. "गावाचं समजलं, बैलाचं नाई समजलं. तू ये."

"तुह्या हाताखाली?"

"नाई. कोनती गाडी कुठं जाईन, कोनता बैल कवा सुटंन, ते तू ठरवायचं. मी मधात बोलनार नाई."

किसनसिंगाचा हात थांबला. "बोलशीन. तुले राहावनार नाई."

"बोललो त उठून जाय."

दुसऱ्या दिवशी किसनसिंग ओट्यावर आला आणि त्यानं पहिलं काम केलं ते नदीपलीकडची सगळी गावं सोडून देण्याचं. त्या गावांना दौलतसिंगानं स्वतः शब्द दिला होता. सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या. संध्याकाळच्या आत तो स्वतः नदी ओलांडून प्रत्येक गावच्या पाटलाला सांगून आला, की औंदा जमत नाही, दुसरी सोय करा. एका पाटलानं पाणीही विचारलं नाही.

त्यानंतर धंदा हळूहळू, पण पक्का वाढला. नव्या बैलजोड्या तयार होतील तशीच नवी गावं घ्यायची, असा किसनसिंगाचा हेका होता. अठ्ठावन्नपर्यंत वाड्यावर टिनाचं छप्पर आलं, तुरीचा मालही येऊ लागला, आणि नदीपलीकडची गावं एकेक करून पुन्हा जोडली गेली. पाणी न विचारणारा पाटील सगळ्यात शेवटी आला.

पण दौलतसिंग वाड्यात बसून वाळत चालला. शेठकडे जाणं, ट्रकवाल्यांशी बोलणं, भांडणं मिटवणं, एवढंच त्याचं काम उरलं. गाड्या निघाल्या की तो वाड्याच्या तोंडाशी उभा राहून त्या दिसेनाशा होईपर्यंत पाहायचा. गोमतीबाईनं ते बहिणीच्या कानावर घातलं, आणि बहिणीनं किसनसिंगाच्या.

एका सोमवारी किसनसिंग त्याच्याजवळ येऊन टेकला. "उद्या गोविंदसिंग पाहुनपनाले जाऊन राह्यला. त्याच्या वाट्याच्या गावाले गाडी तू नेशीन."

"अन् इथं? शेठचा मानूस येनार हाये."

"येऊ दे. मी बोलतो त्याच्याशी."

दौलतसिंग हो-नाही करत राहिला. इतक्या वर्षांत शेठच्या माणसाशी दुसरं कोणी बोललं नव्हतं. मग त्यानं विचारलं, "बैल कोनते देशीन?"

"तुह्यासाठी नवे कायले? म्हातारी जोडी ने. तिले वाट ठाऊक हाये."

पहाटे गोमतीबाईनं भाकर बांधून दिली. दौलतसिंगानं कासरा हातात घेतला, आणि गाडी सडक ओलांडून काळ्या मातीच्या वाटेला लागली.