आबांची घरपट्टी

घरपट्टीसाठी मोजमाप निघालं की आमच्या गावातली घरं एका दिवसात लहान व्हायची. नव्या खोलीत शेळ्या बांधून लोक ठामपणे सांगायचे, "ह्यो गोठा हाय." आबांचं उलटं. त्यांची वस्ती गावठाणाबाहेर, भवानीनगरच्या रस्त्याला. तिथल्या घरांची नोंदच नव्हती आणि पट्टीही नव्हती. तरी आबा मला रस्त्यातून ओढून न्यायचे. मी पंचायतीत कारकून, हातात टेप.

"भाऊसाब, न्हाणी धरा. ओटा सोडू नका."

"आबा, तुमच्या घराला पट्टीच नाही!"

"मग लावा की!"

पट्टीसाठी इतका हट्ट धरणारा माणूस मी नोकरीत दुसरा पाहिला नाही. त्यात गंमत अशी, की घर बांधल्यापासून आबा त्यात एकदाही झोपले नव्हते. बाज लिंबाखाली, पाऊस आला तर वळचणीला. त्यांच्या पत्नी आक्का वैतागायच्या, "आवं, घर काय पंचायतीसाठी बांधलंय? आत या!" आबा घोंगडं ओढून घेत. "नोंद हू दे. तवर ह्यो मुक्काम हाय, घर न्हाय."

आबांचे वडील जन्मभर मेंढरांमागं हिंडले. रोज नवं रान, तेही दुसऱ्याचं. गाव कुठलं, असं कुणी विचारलं की म्हातारा नुसता मेंढरांकडं बघायचा, असं आबा हसत सांगायचे.

नोंदीला ग्रामसभेचा ठराव हवा होता, आणि वस्तीवरचेच लोक खवळले. "आबा, तुमाला हौस हाय तर तुमी भरा. आमच्या गळ्यात कशाला?"

आबा शांतपणे उठले. "दिवाबत्तीचा कर भरत न्हाय, मग खांब कुठल्या तोंडानं मागायचा? पोरीबाळी अंधारातनं येत्यात."

आबांचं सारं आयुष्य चांदण्यात गेलेलं, त्यांना खांबाचं फारसं कौतुक नव्हतं हे मला ठाऊक होतं. असा बेरकी माणूस! पण ठराव झाला.

घर नंबराचा पत्रा मी स्वतः चौकटीवर ठोकला. आबांनी पाय धुतले, आत गेले आणि भर दुपारी घोंगडं टाकून आडवे झाले. आक्का बाहेरून म्हणाल्या, "झोपा आता, पट्टी वसूल हुईस्तवर!"

आम्ही दोघं आत डोकावलो. आबा आढ्याकडं बघत पडले होते आणि डोळ्यांतलं पाणी कानांत उतरत होतं.

"भाऊसाब," ते म्हणाले, "म्हातारा माळावर गेला. शेवटाला सारखा म्हनायचा, मला आत घ्या, आत घ्या. आमच्याकडं आत कुठं हुतं?"