चिकूच्या खोक्यात गेलेली शेवटची पानं

या दिवाळीला घरातल्या प्रत्येकाने मला शाल दिली. डहाणूच्या हवेत शाल पांघरायची म्हणजे उकडून घ्यायचं, पण म्हाताऱ्या बाईला दुसरं काय द्यावं हे कोणाला सुचत नाही. नातीने तेवढी पुस्तकं आणली. तीन जुन्या रहस्यकादंबऱ्या, तिन्ही घोड्यांच्या शर्यतींवरच्या, मुंबईच्या कुठल्याशा जुन्या पुस्तकवाल्याकडून फोनवरून मागवलेल्या. कव्हरवर उधळलेला घोडा आणि त्याच्यामागे पिस्तूल धरलेला हात.

"आजी, तू सारखी सांगतेस ना, सगळी अर्धीच वाचलीस म्हणून? घे. शेवटची पानं आहेत का ते बघूनच घेतलीत."

मी चष्मा लावला आणि तिन्ही पुस्तकं मागूनच वाचायला घेतली. पन्नास वर्षं थांबलेल्या माणसाने पहिल्या पानापासून सुरुवात करावी, असं कोणी म्हणणार नाही. दुपारपर्यंत तिन्ही शेवट वाचून झाले. मग मी पुस्तकं मिटली आणि जेवले नाही. नातीला वाटलं, माझं पित्त वाढलं.

पित्त नव्हतं. तिन्ही पुस्तकांत मोतद्दार निर्दोष निघाला होता.

मोतद्दार म्हणजे घोड्याचं खाणंपिणं, खरारा, दुखणंखुपणं सगळं बघणारा माणूस. अशा एका माणसाला मी एकोणिसाव्या वर्षी घोडीला विष घालताना पकडलं होतं. निदान मला तसं वाटलं होतं.

आधी त्या एकोणीस वर्षांच्या बाईसाहेबांची ओळख करून देते. बापाची होडी, आईची सुकी मासळी, आणि बाईसाहेबांना मासळीचा वास नको. म्हणून त्या गावाबाहेर एका शेठच्या वाडीत चिकू भरायला जायच्या. तिथे मासळीचा वास लागला नाही, पण चिकूचा चीक लागला. तो हातावर काळा होऊन बसायचा आणि मासळीच्या वासाहून हट्टी होता. लाकडी खोक्यात आधी पेंढा, मग रद्दीचं पान, मग चिकूचा थर, वर पुन्हा पान. रद्दी मुंबईहून पोत्यांनी यायची. वर्तमानपत्रं असायची, शाळेच्या उत्तरपत्रिका असायच्या, आणि मधूनच कव्हर गेलेल्या रहस्यकादंबऱ्या. त्या कोणा एकाच शौकीन माणसाच्या घरून येत असाव्यात, कारण जवळजवळ सगळ्यांत घोडे आणि शर्यती असायच्या. मी शर्यतीचं मैदान कधी पाहिलं नव्हतं, पण जॉकीला लाच कशी देतात आणि घोड्याला काय पाजलं की तो मागे पडतो, हे मला आईच्या हाताखाली बोंबील वाळवण्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

मी जेवणाच्या सुट्टीत वाचायचे. पण खोक्यांना कागद तर लागायचाच, आणि मुकादमीण पाठीशी उभी. म्हणून मी एक हुशारी केली. पुस्तक मागून फाडायचं. पुढची पानं आपल्याला वाचायला राहतात, शेवट जवळ येईल तेव्हाचं तेव्हा बघू. शेवट जवळ येईपर्यंत तो चिकूला गुंडाळून दिल्लीच्या बाजारात पोचलेला असायचा. अशी वीसेक पुस्तकं मी वाचली. प्रत्येकात घोडा आजारी पडायचा, संशय मोतद्दारावर यायचा, आणि पुढे पेंढा.

मोतद्दार हाच गुन्हेगार, हे मला असं पाठ झालं. दुसरं काही वाचलंच नव्हतं, तर शंका कुठून येणार?

त्याच सुमाराला शेठने मुंबईच्या शर्यतीतून बाद झालेली एक घोडी हौसेने विकत आणली. तपकिरी, कपाळावर पांढरा ठिपका, मागचा एक पाय जपून टाकणारी. तिच्याबरोबर तिचा मोतद्दार आला. तलासरीकडचा, वेवजीचा माणूस, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. घोडी मुंबईच्या तबेल्यात पहिल्यांदा आली त्या दिवसापासून तिला त्यानेच सांभाळलं होतं. त्याचा धाकटा भाऊ आधीपासून आमच्या वाडीचा राखणदार होता. थंडीत दोघे भाऊ वालाच्या शेंगांची उकडहंडी लावायचे आणि एकाच पानावर बसून खायचे. आम्हा बायकांनाही मूठमूठ मिळायची. मोतद्दार घोडीला 'बाय' म्हणायचा आणि मलाही 'बाय' म्हणायचा. घोडीला म्हणताना आवाज मऊ असायचा. बाईसाहेबांना ते आवडलं नव्हतं, हेही लिहून टाकते.

एका दुपारी मी पुस्तक घेऊन खोक्यांच्या थप्पीमागे बसले होते. समोर घोडीची पागा. मोतद्दाराने कनवटीतून काळी गोळी काढली, इकडेतिकडे बघितलं आणि ती कोंड्यात कुस्करून घोडीच्या तोंडाशी धरली. दारात त्याचा भाऊ उभा होता, तो काही बोलला नाही. आता माणूस इकडेतिकडे बघतोच. हे लिहिताना मी स्वतः दोनदा बघितलं. पण पुस्तकातल्या मोतद्दाराने इकडेतिकडे बघितलं की त्याचं काही खरं नसायचं.

ते दोघे गेल्यावर मी खाली सांडलेला तुकडा उचलला, पुस्तकाच्याच पानात बांधला आणि शेठकडे गेले. शेठने तो जिभेला लावला आणि थुंकला.

"कडू जहर आहे हे."

"माझं नाव सांगू नका," मी म्हटलं. पुस्तकात बातमी देणारा माणूस पाचव्या प्रकरणात मरायचा.

शेठने नाव सांगितलं नाही. तेवढा शब्द त्याने पाळला. संध्याकाळी सगळ्यांदेखत मोतद्दाराला वाडीतून जायला सांगितलं. तो भांडला नाही. "तिचं पोट धरतं, तिला ते लागतं," एवढंच म्हणाला. शेठने हात वर करून फाटकाकडे दाखवलं. मोतद्दाराने घोडीच्या मानेवरून हात फिरवला, मग वळून भावाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, मी सुटले.

शेठने नवा माणूस ठेवला. तो घोडीला वेळेवर खायला घालायचा, एवढंच. दीड-दोन महिन्यांत ती पोट फुगून गेली. दोन दिवस लोळत होती. तिचं कण्हणं आमच्या शेडपर्यंत ऐकू यायचं आणि आमचे हात चिकू लावत राहायचे. बायका हळहळल्या तेव्हा त्यांच्यात एक शहाणी म्हणाली, "विषाचा परिणाम उशिरा होतो." ती शहाणी मीच.

नंतर माझं लग्न झालं आणि ज्या वासापासून पळाले होते त्याच वासाच्या घरात चाळीस वर्षं काढली. मुलं झाली, नवरा गेला, होडी विकली. घोडीची गोष्ट मी घरात खूपदा सांगितली, पण त्यात पुरावा शोधणारी हुशार मुलगी असायची. नातीने आणलेल्या पुस्तकांनी ती मुलगी एका दुपारीत संपवली.

डहाणूच्या बाजारात वेवजीकडच्या बायका भाजी घेऊन बसतात. त्यातल्या एकीला विचारलं, तुमच्या गावात घोड्याचं काम करणारा कोणी म्हातारा आहे का?

"घोडेवाला? हाय ना. घोडा कुनी बघितला नाय त्याच्याकडं, पन नाव तेच पडलंय."

म्हणजे होता. मी तलासरीची बस धरली, तिथून जीप.

तो अंगणात टोपली विणत बसला होता. केस पांढरे, बोटं वाकडी झालेली, पण विणण्याचा वेग मला जमणार नाही इतका. बाजूला बकऱ्यांचा गोठा, रिकामा.

"ओळखलंत का?" मी विचारलं.

"नाय."

"शेठच्या वाडीत चिकू भरायचे मी."

"चिकू भरायला लय जनी होत्या." मग मान वर करून त्याने मला नीट बघितलं. "तू ती पुस्तकवाली काय? वाचता वाचता चिकू उलटं लावायची ती?"

"तीच."

"बस, बाय."

त्या 'बाय'सरशी माझं सगळं पाठ केलेलं भाषण गेलं. मी बसले नाही. उभ्यानेच म्हटलं, "शेठला जाऊन सांगणारी मी होते."

त्याचे हात थांबले. "काय सांगनारी?"

"तुम्ही घोडीला विष घालता, असं."

"तू कुठं होतीस तवा?"

"खोक्यांच्या मागे."

"तिथं माझा भाऊ होता फकत."

"मीही होते."

तो बांबूच्या पट्टीकडे बघत राहिला. घरातून सून पाणी घेऊन आली, तिने आमची तोंडं बघितली आणि तांब्या ठेवून आत गेली.

"गूळ आनि किराईत होतं ते," तो म्हणाला. "चाखलं नाय तू?"

"नाही."

"वास तरी?"

लहानपणी दर आठवड्याला आईने माझं नाक दाबून किराईताचा, त्या पोटावरच्या कडू औषधाचा, काढा पाजला होता. त्याचा वास मी झोपेतही ओळखला असता. त्या दिवशी ओळखला नाही, कारण त्या दिवशी मला विष हवं होतं. हे मी त्याला सांगितलं. पुस्तकांचंही सांगितलं, मागून फाडायचे तेही. शेवटची पानं दिल्लीला गेली म्हटल्यावर तो हसला. दात नसलेलं, खरंखुरं हसू. मग ते तोंडावरच थांबलं.

"मना वाटलं, भावानं सांगितलं. दुसरं कोन होतंच नाय तिथं. त्याची नोकरी राहिली, माझी गेली. मंग?" त्याने टोपली बाजूला सारली. "त्या दिसापासून बोललो नाय त्याच्याशी. तो रानशेतला घर करून राहिला. दर थंडीत वालाच्या शेंगा पाठवायचा, जीपवाल्याकडं पिशवी द्यायचा. मी बकऱ्यांना घालायचो."

"आता कुठे आहे तो?"

"दोन वरसं झाली त्याला जाऊन. मयतीला गेलो नाय मी."

मी माफी मागायला गेले होते. मनाशी ठरवलं होतं की तो शिव्या देईल किंवा क्षमा करेल, दोन्हींतलं काहीही घेऊन परत यायचं. त्याच्या मनातला एक दोषी मी काढून नेला आणि त्या जागी त्यालाच बसवून ठेवलं, हे बसने घरी आल्यावर नाही, तिथे उभी असतानाच कळलं.

"माफ करा," मी म्हटलं.

"ते राहू दे," तो म्हणाला. "रानशेतला येशील? मना सांगितलंस ते तिथं सांग. माझ्या तोंडून ते व्हनार नाय."

पुढच्या रविवारी आम्ही कासाला भेटलो. तो धुतलेला सदरा घालून माझ्याआधी येऊन स्टँडवर उभा होता. जीपमध्ये त्याने फक्त एकदा विचारलं, "ती गेली तवा तू होतीस तिथं?" मी हो म्हटलं. "लय तरास झाला तिला?" मी नाही म्हटलं. आयुष्यभर गरज नसताना खोटं बोलले, हे एक तरी त्याच्यासाठी.

भावाची बायको ओट्यावर शेंगा निवडत होती. थोरला दीर दिसल्यावर तिने पदर डोक्यावर घेतला, पण उठली नाही. तिच्यासमोर मी सगळं पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना त्यात हुशार मुलगी कुठेच शिल्लक नव्हती. मोतद्दार मातीत बसून होता, मान खाली घालून.

तिने ऐकून घेतलं. सूप हलवून कचरा पाखडला. "त्याला कदी समजलंच नाय, दादा का बोलत नाय ते," ती मला म्हणाली. "होळीला गावी जायचा, तं दादा घरातून भायेर नाय येयाचे. परत येऊन मना इचारायचा, माझं काय चुकलं असंल? मी काय सांगनार?"

तिने चहा केला. निघताना आतून पिशवी आणली, शेंगांनी भरलेली, आणि दिरासमोर जमिनीवर ठेवली.

"या खेपेला बकऱ्यांना नका घालू, दादा."

त्याने मान वर केली. "तुमाला ठाव होतं?"

"जीपवाल्यानं पयल्याच वरसाला सांगितलं."

"मंग तो पाठवत कशाला होता?"

"मी पन तेच इचारलं त्याला. तो बोलला, बकऱ्या पन त्याच्याच ना."

त्याला तलासरीच्या बसमध्ये बसवून द्यायला मी पुन्हा कासापर्यंत गेले. जीपमध्ये तो माझ्या शेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. चारोटीच्या अलीकडे त्याने एक शेंग काढली, वाकड्या बोटांनी सोलली आणि कच्चाच वाल तोंडात टाकून हिरड्यांनी चावत राहिला. मग दुसरी. कासा येईपर्यंत तो खात होता. मला त्याने एकही दिली नाही. मीही मागितली नाही.