आईला न लागणारी गाडी

माझ्या आईला गाडी लागते. एरवी ती कशालाच भीत नाही, पण बसचा वास आला की तिचा पदर नाकाला जातो. परतवाड्याला एका लग्नाला जाताना आम्ही जीपमधून चार वेळा उतरलो होतो, आणि पाचव्यांदा थांबायच्या आत जीपवाल्यानं आमचं भाडं परत देऊ केलं होतं. आगगाडी तिला सोसते, पण गुडघे गेल्यापासून डब्याच्या पायऱ्या सोसत नाहीत. त्यामुळे चार वर्षांत ती अमरावती सोडून कुठेच गेली नव्हती.

तिची धाकटी बहीण, माझी मावशी, अकोल्याला राहते. गेल्या वर्षी मावशी न्हाणीत पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि ती अंथरुणाला खिळली. रोज संध्याकाळी दोघी बहिणी फोनवर बोलायच्या. फोन ठेवला की आई म्हणायची, "आवाज बारीक झाला तिचा. एक डाव पायलं पायजे तिले."

म्हणून मी गाडी घ्यायचं ठरवलं. आईसाठी, असं मी सगळ्यांना सांगितलं, आणि ते अर्धं खरं होतं. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो, वय अठ्ठेचाळीस, आणि गेली दोन वर्षं ऑफ तासाला मोबाईलवर गाड्यांचे व्हिडिओ बघतो. मला हवी होती एक बुटकी, चपळ, माझ्या पगारात बसणारी गाडी, जिच्या स्टिअरिंगवर हात ठेवला की खालचा रस्ता हाताला कळेल. हे मी स्टाफरूममध्ये बोलून दाखवलं तेव्हा केमिस्ट्रीचे सर म्हणाले, "रस्ता कळून काय करता सर? आपल्याकडचा रस्ता न कळन तेच बरं."

बायकोचं मत ठाम होतं. "आईले अकोल्याले न्याचं हाये न? मंग उंच गाडी घ्या. त्या बुटक्या गाडीत बसवाले आईले घडी घालून ठेवा लागन."

यावरचं उत्तर मला दोन दिवस विचार केल्यावर फिजिक्समधून सापडलं. पोट ढवळतं ते गाडी डुलते म्हणून. उंच गाडी वळणावर जास्त डुलते, बुटकी कमी डुलते, आणि स्टिअरिंग नेमकं असेल तर आणखी कमी. मी घरात जाहीर केलं की जी गाडी आईला लागणार नाही, तीच घ्यायची. बायकोला हे न्यायाचं वाटलं. मला मनातल्या मनात गुदगुल्या होत होत्या.

अडचण एवढीच की आमच्या वऱ्हाडात रस्त्यांना वळणंच नाहीत. शोरूमवाले गाडी बायपासला नेतात, सरळ चार किलोमीटर पळवतात आणि सरळ परत आणतात. त्या रस्त्यावर बैलगाडीचं स्टिअरिंगही उत्तम वाटेल. मी हट्ट धरून गाडी चांदूर रेल्वे गावाच्या रस्त्याला घेतली. तिथे जंगलात थोडीफार वळणं आहेत.

पहिल्या दिवशी उंच गाडी होती. आई पुढे बसली, हातात अर्धं लिंबू, मांडीवर पिशवी. मागे बायकोशेजारी शोरूमचे टाय लावलेले गृहस्थ होते. ते गाडीबद्दल एकेक गोष्ट सांगत होते, पण नजर आईच्या पिशवीवरून हलत नव्हती. तिसऱ्या वळणावर आई म्हणाली, "थांबव रे." ती उतरली आणि झाडाखाली डोकं खाली घालून बराच वेळ बसली. उलटी झाली नाही, पण होता होता राहिली, अशी मी नोंद घेतली. बायकोचं तोंड उतरलं. मी सुद्धा उतरवून पाहिलं, जमलं नसावं.

दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या शोरूममधून, ती बुटकी गाडी. आईला आधी सीटवर बसवलं, मग तिचे पाय एकेक करून आत घेतले. बायको मागच्या सीटवरून ती घडी नीट बघत होती.

आणि मग ती वळणं. खालची बारीक खडी मला बोटांत कळत होती. वळण आलं, मी हात फिरवले, आणि गाडी तेवढीच वळली, तसूभर कमी नाही की जास्त नाही. मला इतका आनंद झाला की परत फिरून तेच वळण मी आणखी दोनदा घेतलं. आई डोळे मिटून शांत बसली होती, लिंबू नाकाशी, पदर तोंडावर. "आई, कसं वाटून राहिलं?" मी विचारलं. तिनं नुसता हात हलवला, चल म्हणून. शोरूमला पोचल्यावर ती थोडा वेळ भिंत धरून उभी राहिली आणि म्हणाली, "हेच घे. हे नाई लागत."

पुराव्यापुढे बायकोचा नाइलाज झाला. दुसऱ्या दिवशी मी बारावीच्या वर्गात सांगितलं की आमच्या घरी गाडीचं डुलणं मोजणारं एक उपकरण आहे, जे आपल्या प्रयोगशाळेत नाही.

गाडी घ्यायला गेलो तेव्हा शोरूमवाल्यांनी चार चाकांखाली चार लिंबं ठेवली होती. आमच्याकडे हे करत नाहीत. आम्ही गाडी घेऊन बुद्धविहारात जाऊन वंदना करणार होतो. मी नको म्हणायच्या आत आई गुडघे सांभाळत वाकली आणि चारही लिंबं गोळा करून पिशवीत टाकली. "चिरडता कायले? मले कामी येतीन." मी ते काटकसर म्हणून सोडून दिलं.

रविवारी अकोल्याला निघालो, आई आणि मी. मूर्तिजापूर येईपर्यंत तिची दोन लिंबं संपली. मी म्हटलं, ही गाडी लागत नाही तर लिंबू कशाला? "सवय हाये," ती म्हणाली.

मावशीच्या घरी दोघी एकमेकींना धरून रडल्या, मग मनसोक्त भांडल्या, मग निवांत बोलत बसल्या. मी स्वयंपाकघरात चहा केला. कप घेऊन येताना दाराशी मावशीचं बोलणं कानावर पडलं.

"नवी गाडी मानवली म्हणा तुले, बाई."

"कायची मानवते व," आई म्हणाली. "अमरावतीपासून पोट ढवळून राहिलं. दाबून ठेवलं."

"मंग घेऊ कायले देल्ली?"

"ते उंच गाडी मस्त होती. तिच्यात तर मले झोप यून राहिली होती. त्याचं मन बुटकीवर, म्हून मीच म्हटलं थांबव. या गाडीच्या वळणावर त्याचं तोंड पायलं मी. लहानपणी वलगावात टायर फिरवत पळे न, तसं झालतं. बाप गेल्यापासून तसं तोंड नाई पायलं त्याचं."

मी चहा घेऊन तिथेच उभा राहिलो. मला रडू आलं आणि लाजही वाटली, दोन्ही एकदमच. माझा सिद्धांत बरोब्बर उलटा होता. ज्या बाईला अठ्ठेचाळीस वर्षं बघत आलो, तिच्या तोंडावरचा पदर मला वाचता आला नव्हता. चहा पुन्हा गरम करून मगच आत गेलो.

परत येताना मी चाळीसच्या वर गेलो नाही. एक ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून गेला, कापसासकट.

"काहून बैलगाडी हाकून राहिला?" आईनं विचारलं.

"तुले तरास होईन."

तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. "आयकलं वाटते तू."

मी आरसा नीट केला.

"आयकलं त आयकलं. चालव."

मी चालवली. मूर्तिजापूरच्या पुढे रस्त्यात एक ट्रक बंद पडला होता. मी हात फिरवले, गाडी अलगद त्याच्या बाजूनं गेली आणि पुन्हा आपल्या जागी आली. आई रस्त्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

"आता थांबव," ती म्हणाली.

ती उतरली आणि तिनं अगदी मोकळेपणानं, काही न दाबता उलटी केली. चूळ भरली, पदरानं तोंड पुसलं, सीटवर बसली. मी तिचे पाय एकेक करून आत घेतले.

"आता घरची झाली गाडी," ती शेवटचं लिंबू काढत म्हणाली. "आता कायले दाबाचं." आणि थोडं पुढे गेल्यावर, "पुढच्या रविवारी अजून जाऊ तिच्याकडे. पिशव्या जास्तीच्या घेजो."