वेलांटी

सोनपेठहून आईचा फोन आला तेव्हा मामा गेलेच होते. हृदयविकाराचा झटका. मी परभणीत ऑफिसात होते आणि मनात पहिलं आलं ते हे, की आता उत्तर कोण सांगणार... न सांगताच गेले, हा राग अजून गेलेला नाही.

मिलिंदमामा सोनपेठच्या स्टँडसमोर कॉम्प्युटर क्लास चालवायचे. वेबसाइट करायची भाषा, पीएचपी, मला त्यांनीच शिकवली. त्यातल्या रेग्युलर एक्स्प्रेशनला ते चाळणी म्हणत: मजकुरातलं हवं ते ठेवायचं, नको ते गाळायचं. ^, +, $ अशा चिन्हांची ती ओळ चालवण्याआधी मोठ्यानं वाचायची, हा नियम. "टोपी म्हणजे सुरुवात, अधिक म्हणजे एक तरी, डॉलर म्हणजे शेवट. म्हण!" सगळ्यांसमोर माझा आवाज फुटायचा नाही. "इंग्लिश शाळेत तोंड उघडायची फी वेगळी असती का गं?" पोरं हसायची. मी मनातच वाचायचे.

गावच्या वाचनालयाचा सभासद-फॉर्म आम्ही दोघं करत होतो. नाव तपासणारी ओळ माझी: फक्त अक्षरं चालतील. मी 'सई' टाकलं, आईचं 'कमल' टाकलं, दोन्ही फॉर्मनं घेतली. मग मामांचा फोन.

"तू आन् कमलअक्का, दोघीच व्हा सभासद. मला घेईना की तुझा फॉर्म!"

"काय चुकलंय?"

"कळलंय मला. सांगणार न्हाई. मोठ्यानं वाच."

"मामा, सरळ सांगा ना..."

"मनात वाचल्यावर चूक बी मनातच ऱ्हाती."

आमचं शेवटचं बोलणं ते.

गेल्या आठवड्यात वाचनालयानं सांगितलं, आठवण म्हणून पहिलं नाव मामांचंच घाला. मी 'मिलिंद' टाकलं. लाल ओळ आली, नकार. पुन्हा टाकलं, पुन्हा नकार. ज्यांनी फॉर्म उभा केला त्यांनाच... शेवटी सोनपेठला मामांच्या रिकाम्या क्लासचं दार लावून मी मोठ्यानं वाचलं. टोपी, सुरुवात. अक्षर. अधिक, एक तरी. डॉलर, शेवट. आणि 'अक्षर'पाशी अडकले. मग वेलांटी? अनुस्वार? मी ए-बी-सीत वाढलेली. तिथं अक्षराला वर-खाली काही लागत नाही. कॉम्प्युटरला मात्र 'मि' म्हणजे म आणि वेगळी वेलांटी. सई आणि कमल यांत काना-मात्रा नाहीच. एवढं सांगायला काय जात होतं त्यांचं!

वेलांटी-अनुस्वारालाही परवानगी दिली. मिलिंद आत गेले. लाल ओळ गेली.

नकाराची ती लाल ओळ मामांनी लिहिलेली, त्यांच्याच बोलीत. लोकांना काय कळणार, पुसा, असं मीच म्हटलं होतं. मग नावाच्या जागी मुद्दाम एक आकडा टाकला. लाल ओळ परत आली.

"न्हाई जमलं. मोठ्यानं वाचा."