गिरणीवरचं सोनोग्राफी मशीन

हॉस्पिटलची मशीनं दुरुस्त करणाऱ्याकडे पैसा साठत नाही, किस्से मात्र पोत्याने साठतात! माझं अर्धं पोतं तर डोंबिवलीच्या एकट्या आपटे डॉक्टरीणबाईंचं.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. बाईंनी हौसेने सोनोग्राफी मशीन घेतलं आणि पहिल्याच दिवशी स्क्रीनभर आडव्या रेषा! बाळ राहिलं बाजूला. एका पेशंटचा नवरा बाह्या सरसावून उठला.

"डॉक्टर, मी गच्चीवर जाऊन अँटेना फिरवतो. तुम्ही खिडकीतून फक्त 'आलं, आलं' ओरडा!"

*

मी मशीन उघडून बघितलं, तर ठणठणीत! चकरा मारून मारून वैतागलो. शेवटी लक्षात आलं, दुपारी रेषा येतच नाहीत. कारण खाली बाबूशेठची पिठाची गिरणी, आणि जेवण झालं की बाबूशेठ झोपायचे! एरवी गिरणीच्या मोटरचा सगळा विजेचा कचरा त्याच लाइनमधून वर मशीनमध्ये.

बोलायला गेलो, तर पीठ झटकत म्हणाले, "गिरणी आधीची आहे. मशीनलाच सांगा, जरा अ‍ॅडजस्ट कर म्हणावं!"

मग काय, बाईंनी तपासायची वेळच बदलली. अख्खी डोंबिवली दुपारी शटर ओढून झोपलेली आणि आमची सोनोग्राफी फुल जोरात!

*

पण एक दिवस बाई माझ्यावर भडकल्या. "अहो, कुणाला सकाळी दुखायला लागलं तर ती काय बाबूशेठच्या झोपेची वाट बघेल? आपली मंदाच घ्या."

मंदा म्हणजे बिल्डिंगमध्ये दारोदार मासे विकणारी कोळीण. दोनदा दिवस गेले, दोन्ही वेळा बाळ राहिलं नाही. आता तिसरी खेप.

"तिला काय दाखवू? रेषा?"

मी सरळ कामाला लागलो. लाइनवर फिल्टर बसवला, म्हणजे करंट गाळून आत सोडणारा डबा. पण गाळलेला कचरा जमिनीत जिरायला अर्थिंग चांगलं लागतं. मागे खड्डा खणला, मीठ-कोळसा भरला आणि सगळ्यांना बजावलं, रोज पाणी घाला. कोण घालतंय! रेषा परत हजर.

मग डोकं चालवलं. खड्ड्यावर बिनबुडाच्या कुंडीत तुळस लावली. दुसऱ्या दिवसापासून अख्खी बिल्डिंग आंघोळ करून अर्थिंगला पाणी घालायला लागली! रेषा गायब त्या गायबच.

*

आणि मंदा आली ती नेमकी सकाळी, गिरणीच्या भर गर्दीत. मी फिल्टर तपासायला तिथेच होतो. बाईंचा हात धरून म्हणाली, "हाय ना गो बाय? नीट बघ."

तेवढ्यात खालची गिरणी एकदम बंद! मी धावत खाली गेलो. दळणाचे डबे घेऊन बायका उभ्या, सगळ्यांच्या माना वर, कुणी बोलत नाही.

"बाबूशेठ, चालू ठेवा की! फिल्टर लागलाय, मशीनला आता काही होत नाही!"

"मशीनसाठी कोण बंद करतंय? मंदा वर गेलीये. गप्प उभे राहा."

वरची खिडकी उघडीच होती. बाईंनी बाळाचे ठोके ऐकवणाऱ्या यंत्राचा आवाज मोठा केला. आधी नुसती खरखर. आणि मग, धडधड धडधड धडधड!

मंदाचा हुंदका खालपर्यंत ऐकू आला. बाबूशेठनी पिठाच्या हातांनीच डोळे पुसले आणि माझ्यावर बोट रोखलं.

"इंजिनियर, या आवाजाला तुमचा फिल्टर लावायचा नाही हां!"